‘दिसले नाहीत’ आणि ‘नाहीत’

ताई,
मी २७ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून छोटा ड्रोन उडवतो. साधा कॅमेरा आहे, उष्णता टिपणारा थर्मल नाही. गेल्या महिन्यात जवळच्या डोंगरात ७४ वर्षांचे एक आजोबा हरवले. त्यांना विसरण्याचा आजार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःहून शोधपथकाच्या प्रमुखांना भेटलो आणि ड्रोनने मदत करू का, असं विचारलं. ते म्हणाले, डोंगराच्या धारेच्या पलीकडे खाली ओढा आहे, तो बघून ये. मी धारेवर उभा राहून ड्रोन सोडला. उंची १०० मीटर धरली आणि दीड किलोमीटरचा ओढा एकदा वरून खाली, एकदा खालून वर असा पाहिला. १८ मिनिटं लागली. सगळा वेळ मोबाइलच्या स्क्रीनवर डोळे लावून होतो. परत येऊन सांगितलं, “ओढ्यात कोणी नाही.” तिकडे निघालेली तुकडी त्यांनी दुसऱ्या बाजूला पाठवली.
आजोबा तिसऱ्या दिवशी सकाळी सापडले. त्याच ओढ्यात, झाडाखाली. जिवंत होते, पण आणखी एक रात्र थंडीत काढलेली. अजून हॉस्पिटलमध्येच आहेत. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच जास्त लागतं. ड्रोन विकून टाकावा असं वाटतं. कधी वाटतं, पैसे साठवून थर्मल कॅमेऱ्याचा घ्यावा म्हणजे पुन्हा असं होणार नाही. त्यांच्या मुलीला भेटून माफी मागावी का? त्या दिवसाचं रेकॉर्डिंग कार्डावर तसंच आहे. ते उघडायची हिंमत होत नाही.

*

तू मला ताई म्हटलंस, म्हणून अरे-तुरे करते.

आजोबा जिवंत आहेत. हे वाक्य मी मुद्दाम आधी लिहितेय, कारण तुझ्या पत्रात ते दोन ओळींच्या मध्ये दबून गेलंय. ज्या ओढ्याने त्यांना दोन रात्री धरून ठेवलं, त्याच ओढ्यात ते हाती लागले आणि आता त्यांच्यावर उपचार चालू आहेत. यापुढचं सगळं हे धरून वाच.

आता चुकीबद्दल. “तुझी काही चूक नाही रे” असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तुला ते खरंही वाटणार नाही. त्या दिवशी एक चूक तुझी होती आणि दोन पथकाच्या होत्या. तुझी चूक तुझ्या वाक्यात होती, ती पुढे सांगते. पथकाची पहिली चूक अशी की कधीही सोबत काम न केलेल्या मुलाला त्यांनी एक अख्खा भाग एकट्याने बघायला दिला. दुसरी चूक अशी की तू परत आल्यावर “कुठून उडवलास, ओढ्यापासून किती उंचीवर होतास, झाडी किती होती, जमीन दिसत होती का” यातलं काहीच विचारलं नाही आणि तुकडी वळवली. शोधाच्या धावपळीत असं होतं. मी ज्या शोधपथकात आहे, तिथेही झालेलं आहे. “कोणी नाही” हे ऐकायला सगळ्यांनाच बरं वाटतं, नकाशावरचा एक तुकडा कमी होतो. ते प्रमुख तुला काही बोलले नाहीत याचा अर्थ ते तुला दोष देतात असा लावू नकोस. मला तर वाटतं, त्यांनाही रात्री तेच आठवत असणार.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मी तीनदा वाचली. तू धारेवर उभा होतास आणि उंची १०० मीटर धरली होतीस. स्क्रीनवर दिसणारी उंची बहुतेक छोट्या ड्रोनमध्ये उडालेल्या जागेपासून मोजलेली असते. खालच्या जमिनीशी तिचा संबंध नसतो. धार ओढ्यापेक्षा किती उंच होती हे तू लिहिलेलं नाहीस. समजा ८० मीटर होती. मग स्क्रीनवर १०० दिसत असताना तुझा ड्रोन ओढ्याच्या तळापासून १८० मीटरवर होता. ड्रोनवर नेहमी असतो तसा रुंद कोनाचा कॅमेरा उंचीच्या साधारण दीडपट रुंदीची जमीन टिपतो. म्हणजे तुझ्या मोबाइलच्या पंधरा सेंटिमीटरच्या स्क्रीनवर २७० मीटर रुंदीचा डोंगर मावला होता. त्यात आडवं पडलेलं माणूस किती मोठं दिसेल? एक मिलिमीटरसुद्धा नाही. टाचणीच्या डोक्याहून बारीक. उन्हात, हातात धरलेल्या, चकाकणाऱ्या काचेवर. आणि तेसुद्धा माणूस उघड्यावर असेल तर. आजोबा झाडाखाली होते.

हाच ड्रोन ओढ्यापासून ४० मीटरवर असता तर स्क्रीनवर ६० मीटर जमीन आली असती आणि माणूस चार मिलिमीटरचं दिसलं असतं. तेवढं नजरेला पकडता येतं. पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. रुंदी कमी झाली की पट्टे वाढतात. ओढा आणि दोन्ही काठ धरून तीन-चार पट्टे, प्रत्येक पट्टा दीड किलोमीटर, म्हणजे एका बॅटरीत ते होणारच नाही. बॅटरीवर तीस मिनिटं लिहिलेली असली तरी परतीसाठी राखून आणि थंडीचा फटका धरून कामाची वीसच हातात राहतात. तू उडवलेला वेग मात्र बरोबर होता. तीन किलोमीटर अठरा मिनिटांत, म्हणजे सेकंदाला तीन मीटरच्या आत. घाई तू केली नव्हतीस, हे तुझ्या बाजूने लिहून ठेवते.

आणखी एक. बहुतेक देशांत छोट्या ड्रोनसाठी १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांची मर्यादा असते आणि ती खालच्या जमिनीपासून धरायची असते. दरीवर गेलास की नकळत ती ओलांडली जाते. तिथे हेलिकॉप्टर आलं असतं तर? शोधात ते कधीही येऊ शकतं. त्याचा आवाज कानावर पडला की विचारत बसायचं नाही, ड्रोन खाली. आणीबाणी आहे म्हणून आपल्यासारख्या स्वयंसेवकांना नियमांतून सूट मिळत नाही. परवानगी लागत असेल तर ती शोधाची जबाबदारी असलेल्या यंत्रणेमार्फत घ्यायची.

काही वर्षांपूर्वी आमच्या पथकाचा सराव होता. चौघांनी लपायचं आणि बाकीच्यांनी ड्रोनने शोधायचं. लपणाऱ्यांत मी होते. अंगात गडद निळं जाकीट होतं. लाल-केशरी घालायला आम्ही स्वतःच मनाई केली होती, कारण हरवणारं माणूस रंग बघून घराबाहेर पडलेलं नसतं. ओढ्याकाठच्या झुडपात मी कुशीवर पडून राहिले. ड्रोन तीनदा माझ्यावरून गेला. पानांच्या फटीतून मला त्याचे चारही पंखे दिसत होते, खालचा दिवा लुकलुकताना दिसत होता. मला तो इतका स्वच्छ दिसत होता की मी त्यांना दिसत नसेन हे मला खरंच वाटेना. पण मी दिसले नाही. संध्याकाळी सगळे फोटो मोठ्या पडद्यावर लावले. मी नेमकी कुठे पडले होते हे मला ठाऊक होतं, तरी स्वतःला शोधायला दहा मिनिटं लागली. शेवटी सापडला तो माझ्या बुटाचा तळवा. फिकट, लांबट ठिपका. त्याची एक कड इतकी सरळ होती की ती दगडाची असणं शक्य नव्हतं.

त्या दिवसापासून मी ड्रोनवाल्यांच्या तोंडून “तिथे कोणी नाही” हे वाक्य ऐकून घेत नाही. “दिसलं नाही” एवढंच म्हणायचं, आणि लगेच त्यापुढे कसं बघितलं ते सांगायचं. तुझी चूक जी म्हटली ती हीच. तू जे पाहिलंस ते खरं होतं. तू जे सांगितलंस ते तू पाहिलेल्यापेक्षा मोठं होतं.

त्या सकाळी तू असं सांगायला हवं होतंस: “धारेवरून उडालो, ओढ्याच्या तळापासून अंदाजे पावणेदोनशे मीटर उंची होती. दोन फेऱ्या झाल्या. ओढ्याचं उघडं पात्र दिसलं, पण दोन्ही काठांना झाडी दाट आहे, तिच्याखालचं काहीच दिसत नाही. लाइव्ह बघितलंय, रेकॉर्डिंग अजून तपासलेलं नाही. माणूस दिसलं नाही.” हे ऐकून कोणत्याही प्रमुखाने तुकडी वळवली नसती. उलट सांगितलं असतं, पात्र सोडा आणि काठाची झाडी धरा. म्हणजे तुझ्या त्याच अठरा मिनिटांचा उपयोग झाला असता, एकही फोटो वेगळा नसताना.

यामागे गणित आहे आणि ते तुला आवडेल असं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात बर्नार्ड कूपमन नावाचे गणिती अमेरिकी नौदलासाठी काम करत होते. समुद्रात पाणबुड्या कशा शोधायच्या, हा प्रश्न होता. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधाचं जे शास्त्र उभं केलं, तेच पुढे डोंगरात, जंगलात, समुद्रात हरवलेल्यांसाठी वापरात आलं. त्यात दोन शक्यता वेगळ्या ठेवतात. माणूस या भागात असण्याची शक्यता किती, ही एक. तिथे असलंच तर या पद्धतीने बघून ते सापडण्याची शक्यता किती, ही दुसरी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे शोध यशस्वी होण्याची शक्यता.

समजा प्रमुखांच्या मनात आजोबा ओढ्यात असण्याची शक्यता शंभरात ४० होती. तुझ्या त्या उंचीवरून, त्या झाडीत, ते तिथे असते तरी दिसण्याची शक्यता मी शंभरात २० धरेन, आणि ही मी सढळ हाताने धरतेय. तू बघून आलास आणि दिसले नाहीत. आता ओढ्याची शक्यता किती उरली? करून बघ: ४० मधले ३२ शिल्लक राहतात, एकूण शंभरातून तुला सापडू शकले असते ते ८ वजा झाले की ९२ राहतात, आणि ९२ मधले ३२ म्हणजे जवळपास ३५ टक्के. चाळीसची पस्तीस झाली, बस. ओढा तरीही नकाशावरच्या सगळ्यात भरवशाच्या जागांपैकी एक होता. तुझ्या एका वाक्याने मात्र तो ३५ वरून शून्यावर आला.

आजोबांच्या आजाराबद्दलही थोडं सांगते, कारण ते तुला त्या दिवशी कोणीच सांगितलेलं दिसत नाही. विसरण्याचा आजार असलेली माणसं बहुतेकदा हाकेला ओ देत नाहीत. आपण हरवलोय हेच त्यांना अनेकदा कळलेलं नसतं. समोर येईल तशी ती चालत राहतात आणि कशात तरी अडकेपर्यंत थांबत नाहीत. झुडूप, कुंपण, ओढा, घळ. अडकलं की तिथेच बसतात, पडतात, कधी झाडोऱ्यात आत शिरतात. अशा माणसासाठी ओढ्याची झाडी ही आधी बघायची जागा, आणि तीच ड्रोनला सगळ्यात कमी दिसणारी जागा. तिथे माणसांनीच फांद्या बाजूला करत, वाकून वाकून बघावं लागतं. कुत्र्यांची मदत मिळाली तर उत्तम.

मग थर्मल कॅमेरा असता तर? तुझा हा प्रश्न माझ्याकडे दर दोन-तीन पत्रांत येतो. थर्मल कॅमेरा उष्णतेचे किरण बघतो, आणि तेसुद्धा फक्त वस्तूच्या पृष्ठभागावरून येणारे. पानांच्या आरपार त्याला दिसत नाही. दाट झाडीखाली तो साध्या कॅमेऱ्याइतकाच आंधळा, फांद्यांच्या फटीतून थोडी ऊब निसटली तरच काही मिळतं. तू उडवलंस तेव्हा ऊन चढलं असेल तर दगड माणसाच्या अंगाइतकेच तापायला लागले असणार. तापलेले दगड संध्याकाळनंतरही बराच वेळ ऊब सोडतात, म्हणून थर्मलसाठी खरी वेळ पहाटेची, सगळं निवलेलं असताना. त्यातही जाड कपड्यांतलं किंवा भिजलेलं माणूस बाहेरून थंडच दिसतं, आणि गाईगुरं, हरणं, रानडुकरं मात्र झळाळून दिसतात. चांगल्या छोट्या थर्मल कॅमेऱ्याचं चित्रसुद्धा ६४० गुणिले ५१२ ठिपक्यांचं असतं, म्हणजे सव्वातीन लाखांच्या आसपास. तुझ्या साध्या कॅमेऱ्याच्या फोटोत सव्वा कोटीच्या घरात ठिपके असतील. उघड्या माळावर, थंड रात्री थर्मलला तोड नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण तुझ्या त्या सकाळी, त्या ओढ्यात, त्या उंचीवरून त्याने तुला बहुधा काहीच दाखवलं नसतं. म्हणून आत्ता घेऊ नकोस. एक वर्ष पथकाबरोबर काम कर. मग लागला तर पथकाने घ्यावा, एकट्याच्या खिशातून नको.

ड्रोन विकायचाही नाही. ड्रोनमुळे माणसं वाचलेली आहेत. २०१३ च्या मे महिन्यात कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका गाडीला रात्री अपघात झाला आणि जखमी चालक अंधारात भरकटला. थंडी गोठणबिंदूच्या आसपास होती. रात्री दिसणाऱ्या उपकरणांसह हेलिकॉप्टर फिरलं, त्याला तो सापडला नाही. मग त्याच्या मोबाइलवरून जागेचा अंदाज मिळाला आणि पोलिसांच्या छोट्या ड्रोनने थर्मल कॅमेऱ्यातून त्याला गाठलं. २०१८ च्या जुलैमध्ये काराकोरममध्ये ८,०५१ मीटर उंचीच्या ब्रॉड पीकवर रिक ॲलन हे स्कॉटिश गिर्यारोहक एकटे वर गेलेले असताना पडले. ते गेले असंच लोक धरून चालले होते. पोलंडच्या बार्टेक बार्गिएल यांनी बाजारात मिळणारा साधा, हातात मावेल असा ड्रोन वर पाठवला, ॲलन जिवंत दिसले, आणि बचाव करणाऱ्यांना त्यांच्यापर्यंतची वाट कळली.

या दोन्ही घटनांत एक गोष्ट सारखी आहे. ड्रोन गेला तेव्हा कुठे बघायचं हे आधीच बऱ्यापैकी ठरलेलं होतं. एकीकडे मोबाइलची खूण होती. दुसरीकडे खालच्या तळावरून कोणाच्या तरी नजरेला वर काहीतरी दिसलं होतं. शिवाय जागा उघडी होती: बर्फ, माळ, खडक. तिथे ड्रोन जिंकतो. उघडं माळरान, नदीचं वाळवंट, कापणी झालेली शेतं, जिथे चाळीस माणसांची साखळी दिवसभर चालली असती तिथे तो तासाभरात खात्रीने बघून देतो आणि ती चाळीस माणसं झाडीसाठी मोकळी होतात. कड्याच्या मधल्या फळीवर काही दिसतंय का, हे बघायला दोर लावून कोणाला उतरवण्याआधी त्याला पाठवता येतं. मला व्यक्तिशः त्याचा हा उपयोग सगळ्यात मोठा वाटतो, कारण शोधायला गेलेल्यांना जपणं हेसुद्धा बचावाचंच काम आहे. सापडलेल्या माणसापर्यंत स्ट्रेचर कुठल्या वाटेने जाईल, ओढ्याला पाणी किती आहे, हेही तो सांगतो.

आता परत कसं जायचं ते.

पथकात रीतसर नाव घाल आणि पहिले काही महिने ड्रोन घरी ठेव. पायी शोधणाऱ्यांबरोबर चाल. नकाशा वाचायला, शेवटची दिसलेली जागा कशी ठरवतात, भाग कसे पाडतात, बिनतारी संचावर कसं बोलतात हे शीक. झुडपात वाकून बघताना काय दिसतं आणि काय सुटतं हे तुझ्या पाठीला कळलं की वरून बघताना तुझी नजर बदलेल. आमच्याकडचे सगळ्यात चांगले ड्रोनवाले आधी चांगले चालणारे होते.

मग उडवायला लागलास की एकट्याने कधीच नको. उडवणारा एक, आकाशातल्या ड्रोनवर आणि आसपासच्या तारा, पक्षी, हेलिकॉप्टर यांवर डोळे ठेवणारा दुसरा, आणि फक्त चित्र बघणारा तिसरा. उडवणाऱ्याने शोधायचं नाही. दोन्ही कामं एका डोक्यात मावत नाहीत, तुझ्या अठरा मिनिटांत तू निम्मा वेळ बॅटरी आणि दिशा बघत असणार. चित्र बघणाऱ्याला सावलीत बसव, मोठी स्क्रीन दे, आणि वीस मिनिटांनी बदल. त्यापुढे डोळे उघडे असतात पण बघत नाहीत. लाइव्हवर विसंबू नकोस. ठरावीक अंतराने फोटो घेत जा आणि उतरल्यावर ताज्या डोळ्यांच्या माणसाने ते मोठे करून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासावेत. माणूस शोधू नका म्हणावं, तिथे नसायला हवं असं काहीही शोधा: सरळ कड, निसर्गात नसलेला रंग, दुमडलेलं कापड, बुटाचा तळवा.

कॅमेरा सतत सरळ खाली रोखून धरू नकोस. तिरपा केलास तर झाडाच्या बुंध्याशी, कपारीत, काठाच्या पोटात दिसतं. पण मग तीच जागा उलट बाजूनेही बघावी लागते. ऊन पाठीशी असेल अशी बाजू आधी घे. डोंगरात शक्य असेल तर ज्या जागेवर शोधायचंय तिच्या पातळीच्या जवळून उड, म्हणजे स्क्रीनवरचा आकडा खऱ्या उंचीच्या जवळ राहील. थंडीत जादा बॅटऱ्या अंगाशी, जाकिटाच्या आतल्या खिशात ठेव.

आणि आवाज. ड्रोनची घरघर तुला सवयीने ऐकू येत नाही, पण खाली ऐकणाऱ्यांना ती सगळं बुजवून टाकते. पायी तुकड्या शिट्टी वाजवतात, नाव घेऊन हाक मारतात आणि मग मिनिटभर सगळे गप्प उभे राहतात. त्या मिनिटात कण्हण्याचा आवाज येऊ शकतो. त्या वेळी ड्रोन जमिनीवर हवा, म्हणून हाका केव्हा मारणार हे आधी विचारून घे. लहान मुलं किंवा गोंधळलेली माणसं त्या आवाजाला घाबरून आत लपतात, हेही लक्षात ठेव.

मधल्या काळात एक सराव सुरू कर. एखाद्या मित्राला सांग, या पट्ट्यात कुठेतरी जाऊन पड, मला सांगू नकोस. कपडे त्याचे त्याने निवडायचे. तू ४० मीटरवरून बघ, ६० वरून बघ, १०० वरून बघ. उघड्यावर, विरळ झाडीत, दाट झाडीत. सकाळी, दुपारी. प्रत्येक वेळी सापडला की नाही ते वहीत लिही. पन्नास वेळा केलंस की तुझ्या हातात तुझ्या ड्रोनचे, तुझ्या डोळ्यांचे आकडे येतील. मग प्रमुखांनी “किती खात्री आहे?” विचारलं की तू मान न हलवता आकडा सांगशील. माझ्या वरच्या ‘शंभरात २०’पेक्षा तो आकडा कितीतरी जास्त मोलाचा असेल.

आजोबांच्या मुलीला भेटायचं का, हे तू विचारलंस. हॉस्पिटलमध्ये नको. तिथे ती वडिलांची काळजी करतेय, तिला तुझीही करायला लावू नकोस. आजोबा घरी आले, थोडे दिवस गेले, की प्रमुखांना विचारून जा. जमलं तर त्यांना सोबत ने, कारण निर्णय त्यांचाही होता आणि तो एकट्याने अंगावर घेणं म्हणजे तिला अर्धीच गोष्ट सांगणं. काय घडलं ते चार वाक्यांत सांग, वाईट वाटतं हे सांग, आणि थांब. ती रागावली तर तो राग ऐकून घे. “जाऊ दे रे” म्हणाली तर तेही ऐकून घे. तिच्याकडून काही मिळेल म्हणून जाऊ नकोस.

आता ते कार्ड. ते पुसू नकोस, आणि एकट्याने रात्री उघडूही नकोस. या आठवड्यात प्रमुखांना फोन कर आणि म्हण, “त्या दिवसाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, तुमच्याबरोबर बसून बघायचंय.” इतकंच. मोठ्या पडद्यावर लावा. आजोबा सापडले ती जागा ज्या तुकडीला माहीत आहे तिच्यातल्या एखाद्यालाही बोलवा. फेरीतली ती सेकंदं काढा, थांबवा, मोठी करा. कदाचित पानांशिवाय काहीच नसेल, आणि मग तुला कळेल की त्या उंचीवरून कोणालाच ते दिसले नसते. कदाचित एखाद्या कडेला काही असेलही. ते बघणं जड जाईल, पण तो तुकडा तुमच्या पथकाच्या प्रत्येक नव्या ड्रोनवाल्याला दाखवता येईल, आणि तो दाखवायला तुझ्याइतकं योग्य कोणी नाही. बाहेर कुठेही टाकू नका. त्यात एका माणसाची सगळ्यात असहाय घटका असू शकते आणि ती त्याच्या घरच्यांची आहे.

वहीचं पहिलं पान त्याच उड्डाणाचं कर. तारीख, कुठून उडालो, ओढ्यापासूनची खरी उंची (नकाशावरून काढ, माझे ८० मीटर धरू नकोस), झाडी, ऊन, फेऱ्या. शेवटच्या रकान्यात ‘दिसले नाहीत’.

रेकॉर्डिंगमध्ये काय निघालं ते मला लिही.

— ताई